सहलीतली 'जेवण + कार्यक्रम' अशी संध्याकाळ: नक्की काय अपेक्षा ठेवावी?

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण राजस्थानला निघालोय. मुंबईहून जोधपूरपर्यंत विमान, तिथून गाडीने जैसलमेर. एक मुक्काम जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत तंबूत आहे आणि टूरवाल्याने पाठवलेल्या कागदावर त्या दिवसापुढे एवढंच लिहिलंय: 'संध्याकाळी लोकनृत्य व राजस्थानी भोजन'. फोन केला तर "मॅडम, मस्त असतं, सगळे एन्जॉय करतात" यापलीकडे उत्तर मिळेना.

मला तपशील हवाय, कारण घरातली माणसं अशी आहेत: सासूबाई ७३ वर्षांच्या, गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. सासरे शुद्ध शाकाहारी, मधुमेहाची गोळी चालू, त्यामुळे रात्री साडेसातचं जेवण फार पुढे ढकलता येत नाही. मुलगी नऊ वर्षांची, कथक शिकते, तिने आत्तापासून दिवस मोजायला घेतलेत. मुलगा चौदाचा.

जेवण आधी, मध्ये की नंतर? बसायची सोय कशी? कार्यक्रम खरंच बघण्यासारखा असतो का? आमची सवय म्हणजे ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटक, मध्यंतरात बटाटावडा आणि घरी येऊन मुगाची खिचडी. नाच बघता बघता जेवायचं हे आमच्यापैकी कोणीच केलेलं नाही. फक्त राजस्थान नको, दुसरीकडचे अनुभवही लिहा. पुढच्या वर्षी दुबईचं चाललंय.

ऐरोलीकर

गेल्या जानेवारीत समला होतो, क्रम सांगतो. दुपारी चारच्या सुमारास कॅम्पवर पोचलात की कपाळाला टिळा लावून स्वागत, चहा-भजी. मग उंटावरून किंवा जीपने सूर्यास्त बघायला. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, त्यामुळे जैसलमेरहून उशिरा निघालात तर ते हुकेल. तिथून सम चाळीसेक किलोमीटर आहे.

परत आलं की सातच्या आसपास मधल्या चौकात शेकोटी पेटते आणि कार्यक्रम सुरू होतो. साधारण दीड तास. आधी गाणं, मग घूमर, डोक्यावर घडे रचून केलेला भवाई, शेवटी कालबेलिया. जेवण त्यानंतर, साडेआठ-नऊला, बाजूच्या मोठ्या तंबूत बुफे. म्हणजे तुमच्याकडे 'नाच बघता बघता जेवण' नसणार, 'नाच संपेपर्यंत भूक' असणार. सासऱ्यांसाठी कॅम्पवर आधी फोन करून सात वाजता वेगळं ताट सांगून ठेवा. टूरवाल्याला नका सांगू, थेट कॅम्पच्या मॅनेजरला सांगा. आम्ही लहान मुलासाठी तसंच केलं होतं, त्यांनी विनातक्रार वरण-भात दिला.

बसायला चौकाभोवती गाद्या आणि लोड-तक्के असतात. खुर्च्या मागच्या रांगेत आणि मोजक्या.

सीवूड्सची_आजी

माझंही वय सत्तरच्या पुढे आहे म्हणून लिहिते. खुर्ची आधी पकडायची, चहा मग. उघड्यावर थंडी इतकी पडते की आपल्या नवी मुंबईच्या माणसाला कल्पना येत नाही. शेकोटी चौकाच्या मध्ये असते, तिची ऊब मागच्या रांगेपर्यंत येत नाही. सासूबाईंना कानटोपी, पायमोजे आणि मांडीवर घ्यायला एक शाल वेगळी न्या. अंगावरची शाल कमी पडते, मांडीवरची लागते. आणि तंबू चौकापासून किती लांब आहे ते विचारा. रात्री वाळूतून चालताना पाय रुततो, गुडघ्यांवर ताण येतो. जवळचा तंबू मागितला की देतात.

वाशीचा_वाटसरू

दुबईचं मी सांगतो. तिथे हॉटेलवरून दुपारी तीनच्या सुमारास गाडी न्यायला येते. वाळवंटाच्या तोंडाशी टायरमधली हवा कमी करतात आणि मग वाळूच्या टेकड्यांवरून गाडी अशी आपटत नेतात की पोटातलं घशाशी येतं. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्यात बसू नये. थेट कॅम्पवर नेणारी वेगळी गाडी मिळते, आरक्षण करतानाच सांगायचं. दुपारचं जेवण हलकं ठेवा. आमच्या गाडीतल्या एका काकांनी थाळी खाऊन सफर केली आणि संध्याकाळभर लिंबू चोखत बसले.

कॅम्पमध्ये तनुरा, बेली डान्स आणि आगीचे खेळ असतात. तनुरा मूळचा इजिप्तचा. घेरदार रंगीत झगा घालून माणूस एकाच जागी गरागरा फिरत राहतो, मध्येच तो झगा डोक्यावरून काढून छत्रीसारखा फिरवतो. माझ्या मुलाने त्या माणसाच्या गिरक्या मोजल्या, दोनशेच्या पुढे त्याचीच मान फिरायला लागली. रमजानच्या महिन्यात जाणार असाल तर बेली डान्स आणि मोठ्याने संगीत नसतं, तारखा बघून घ्या.

शाकाहारी लोकांना हमूस, फलाफल, कोशिंबिरी, भात, डाळ. पोट भरतं. पण निखाऱ्यावरचं मांस आणि पनीर एकाच जाळीवर असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.

तलावपाळी

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. मला हा प्रकारच पटत नाही. समोर एक माणूस आयुष्यभराची विद्या घेऊन उभा आहे आणि आपण पापड मोडतोय! गडकरीत तिसरी घंटा झाल्यावर कोणी वेफर्सचं पाकीट फोडलं तर चार रांगा वळून बघतात. मग परगावी गेल्यावर तोच रसिक कलावंताकडे पाठ करून पुलावाच्या रांगेत कसा उभा राहतो? गेल्या वर्षी एका नदीवरच्या बोटीत हे बघितलं. गाणारी मुलगी फार सुरेल होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच माईकवरून घोषणा झाली की जेवण लागलंय, आणि दीडशे माणसं उठून गेली. ती रिकाम्या खुर्च्यांसमोर कडवं पूर्ण करत राहिली. मी बसून राहिलो, पण मला तिच्याकडे बघवेना.

कोपरीची_मी

तलावपाळी, अगदी अनुमोदन. त्या मुलीचं वाचून गलबललं.

पारसिक

तलावपाळी, तुमची तळमळ कळते, पण सगळ्या कलांना नाट्यगृहाचा नियम लावता येईल असं मला वाटत नाही. नोकरीमुळे पाच वर्षं जोधपूरला होतो, तिथे जे पाहिलं ते लिहितो.

समला जे गातात ते बहुतेक मांगणियार किंवा लंगा या परंपरागत गायक समाजांतले. मांगणियार मुसलमान, पण त्यांचे यजमान पिढ्यानपिढ्यांचे हिंदू, बरेचसे राजपूत. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न निघालं की हे येऊन गाणार, घराण्याची स्तुती करणार आणि मोबदल्यात धान्य, जनावर, पैसे नेणार. त्यांची कला मुळात पाहुण्यांच्या गर्दीतली, अंगणातली, पंगतीच्या आसपासचीच आहे. आंब्याच्या लाकडाचा कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य), बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला, आणि हातात शिसवी लाकडाच्या पट्ट्यांचं खडताल. हे अंधाऱ्या नाट्यगृहात निर्माण झालेलं नाही.

कालबेलियांची गोष्ट आणखी वेगळी. हा गारुड्यांचा समाज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप बाळगणं बंद झालं आणि घर चालवायला नाच-गाणं पुढे आलं. काळा घेरदार घागरा, त्यावर आरसे आणि पांढरी नक्षी, आणि अंगाची ती सापासारखी वळणं. २०१० मध्ये युनेस्कोने कालबेलिया गाणी आणि नृत्य मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. या मंडळींची कमाई प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात होते. 'जेवणाबरोबर नाच नको' म्हणून आपण सगळे घरी बसलो तर त्यांची चूल कशी पेटायची?

खटकतं ते दुसरंच. चांगल्या गायकाला दहा मिनिटं द्यायची आणि मग सिनेमाची गाणी वाजवून पाहुण्यांना नाचवायचं. हे कॅम्पवाले करतात, कलावंत नव्हे.

तलावपाळी

पारसिक, यजमान परंपरेचं मला माहीत नव्हतं. पण एक सांगा, त्या यजमानाला गायकाचं नाव ठाऊक असायचं, त्याच्या बापाचंही ठाऊक असायचं. कॅम्पवर आपल्याला काय ठाऊक असतं? माझा सल अन्नाचा कमी आणि ओळख नसण्याचा जास्त आहे, हे तुमचं वाचून लक्षात आलं.

पारसिक

हे मात्र खरं. त्यावर इलाज सोपा आहे. कार्यक्रम संपला की पाच मिनिटं थांबा, नाव आणि गाव विचारा. आनंदाने बोलतात. बक्षिसी हातात द्या, फेकू नका, आणि बसल्या जागेवरून नोट हलवू नका. शंभर-शंभरच्या नोटा सुट्या ठेवा.

बेलापूर_किल्ला

बालीला गेलात तर हा प्रश्नच सुटतो. उलुवाटूच्या देवळाजवळ कड्यावर संध्याकाळी सहाला केचक नृत्य असतं. वाद्य एकही नाही, उघड्या अंगाचे पन्नासएक पुरुष गोलात बसून "चक चक चक" असा ताल तोंडाने धरतात. कथा रामायणाची. मागे समुद्रात सूर्य बुडतो आणि समोर हनुमान आग उडवत येतो. तासाभरात संपतं, मग जिंबारानच्या किनाऱ्यावर वाळूत टेबलं मांडून जेवण. बघणं वेगळं, खाणं वेगळं. तिथली माकडं चष्मे पळवतात, एवढी काळजी घ्या. आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी पुढची सहल नंबराशिवाय केली.

उलवेकर

मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा हवाईला लुआऊ बघितला. तिथे जमिनीत खड्डा खणून, तापलेले दगड टाकून, पानांत गुंडाळून आख्खं डुक्कर भाजतात. त्या भट्टीला इमू म्हणतात. पाहुण्यांसमोर खड्डा उघडतात तो मोठा सोहळाच असतो. मला तर थेट आपली पोपटी आठवली! खड्डा नाही, मडकं, आणि डुकराच्या जागी वालाच्या शेंगा न भांबुर्ड्याचा पाला, पण तो वाफेचा वास आला की सगळे गोल करून उभे राहतात तो क्षण सारखाच.

आणि हे ऐकाच: लुआऊ म्हणजे अळूची पानं! नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूवरून त्या जेवणावळीलाच ते नाव पडलं. पोई नावाची जांभळट पेज असते, ती अळूच्या कांद्याची. बायको म्हणाली, "एवढा खर्च करून फदफदं खायला आलो होय!" पण दोन वाट्या संपवल्या तिनं. अजून एक, तिथे पूर्वी बायका-पुरुषांनी एकत्र जेवायला बंदी होती. १८१९ मध्ये दुसऱ्या कामेहामेहा राजाने बायकांच्या पंगतीत बसून ती मोडली. निवेदकाने हे सांगितलं आणि मग हुला नाच सुरू झाला, तेव्हा त्या जेवणाकडे बघायची नजरच बदलली माझी.

खारघर_टेकडी

उलवेकर, पोपटीचा वेगळा धागा काढा बुवा. भांबुर्डा आता मिळतो कुठे तेही लिहा.

उलवेकर

काढतो. शेताच्या बांधावर अजून मिळतो, पण बांधच उरले नाहीत आमच्याकडं.

उपवन

पॅरिसच्या मूलाँ रूजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १८८९ पासूनची जागा, कॅनकॅन नाचासाठी प्रसिद्ध. सातला जेवण आणि नऊला कार्यक्रम, किंवा नुसता कार्यक्रम असंही तिकीट मिळतं. टेबलं लांबलचक आणि अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायची. कार्यक्रम चालू असताना फोटो काढायला सक्त मनाई, ते मला फार आवडलं. नर्तकींचं वरचं अंग काही प्रवेशांत उघडं असतं. आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि बरोबर सासू-सासरे होते. नाचाचा दर्जा अव्वल आहे, पण कोणाबरोबर जायचं ते आधी ठरवा.

जेवणाबद्दल माझं मत पक्कं झालंय: कार्यक्रमासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी फक्त कार्यक्रमाचं तिकीट काढावं आणि बाहेर जेवावं. एकाच वेळी पाचशे ताटं वाढणाऱ्या मुदपाकखान्याकडून चवीची अपेक्षा करणं त्या आचाऱ्यांवरही अन्याय आहे.

नौपाड्याचे_काका

चियांग माईचं खांतोक जेवण याला अपवाद. बुटक्या गोल लाकडी चौरंगावर सगळ्या वाट्या मांडतात, जमिनीवर बसून चिकट भात हाताने खायचा. आपल्या पंगतीसारखंच. नर्तकी बोटांना लांब पितळी नखं लावून इतक्या संथ लयीत नाचतात की घास आपोआप हळू होतो. आधी कळवलं तर शाकाहारी ताट देतात, पण "मासळीचा सॉसही नको" हे स्वतंत्र सांगावं लागतं.

कोपरीची_मी

इस्तंबूलला जेवणाबरोबर दरवेशांचं फिरणं दाखवणारी हॉटेलं आहेत, तिथे मात्र मी तलावपाळींच्या बाजूने. सेमा, म्हणजे हे फिरणं, ही मेवलेवी या सूफी पंथाची उपासना आहे. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, वरून मिळालेलं खाली देऊन टाकायचं. आम्ही गलाताच्या जुन्या मठात बघितलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, खाणं तर दूरच. बाहेर आल्यावर आम्ही कितीतरी वेळ न बोलता चालत होतो. त्याच रात्री एका रेस्तराँच्या काचेतून तेच फिरणं कबाबच्या टेबलांमधल्या फटीत चाललेलं दिसलं. वाईट वाटलं.

ऐरोलीकर

मंडळी, घोडबंदरवालींची ट्रिप पुढच्या आठवड्यात आहे, आपण जगभर फिरून आलो. ताई, अजून एक: बाजूच्या कॅम्पचा डीजे किती वाजेपर्यंत असतो ते विचारा. वाळवंटात आवाज लांबवर जातो.

घोडबंदरवाली

सगळं वहीत उतरवून घेतलंय. मॅनेजरशी बोलले, सात वाजता वेगळं ताट आणि पहिल्या रांगेला दोन खुर्च्या कबूल केल्यात. आल्यावर लिहिते.

घोडबंदरवाली

धागा वर काढतेय, परवा परतलो.

खुर्च्या पहिल्या रांगेत नव्हत्या, पण सांगितल्यावर दोन मिनिटांत आणून दिल्या. सीवूड्सच्या आजी, मांडीवरच्या शालीसाठी सासूबाईंनी तुम्हाला खास नमस्कार सांगितलाय. सासऱ्यांचं ताट सव्वासातला आलं: गट्ट्याची भाजी, मुगाची डाळ, फुलके. बाजरीची भाकरी त्यांना चावली नाही, केर-सांगरी मात्र दोनदा मागितली. बुफे नऊला लागला. दाल-बाटी गार होती आणि चुरमा संपला होता. ज्यांना जेवणाची हौस आहे त्यांनी जैसलमेर गावात दुपारी जेवून घ्यावं.

कार्यक्रमाचा पहिला पाऊण तास फार सुंदर. भवाईवालीच्या डोक्यावर सात घडे होते आणि ती परातीच्या कडेवर उभी राहून नाचली. लेकीने श्वास रोखून धरला होता. कालबेलिया सुरू झाल्यावर ती उठून अगदी शेकोटीपाशी जाऊन बसली. नंतर त्या नर्तकीने तिचा हात धरून चौकात नेलं, तिने चक्कर घेतली, मग त्या बाईंनी तिच्याकडून कथकचा ततकार (पायांचा ताल) करून घेतला. चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी फोन खाली ठेवून खडतालवाल्याकडे चक्क पंचवीस मिनिटं बघितलं, हा आमच्या घरातला विक्रम आहे.

त्यानंतर सिनेमाची गाणी लागली. पारसिकनी लिहिलं तसंच. आम्ही उठलो. बाजूचा डीजे साडेअकरापर्यंत चालू होता, सासूबाईंना झोप लागली नाही, याची मात्र चुटपुट लागली.

पारसिकनी सांगितल्याप्रमाणे कमायचावाल्या आजोबांशी बोललो. बाडमेरकडच्या गावातले. सकाळी चहाच्या वेळी ते शेजारून जात होते, सासूबाईंनी "रात्री तुमचं गाणं फार लवकर संपवलं हो" असं मराठीतच सांगितलं. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण ते वाळूत बसले आणि मांड (राजस्थानी गायकीचा एक प्रकार) गायले. दहा-बारा मिनिटं. ऐकायला आम्ही सहा जण आणि चहा देणारा मुलगा.

तलावपाळी

वाचून डोळे भरले. एक विचारू का? ती मंडळी स्वतः जेवतात कधी?

घोडबंदरवाली

लेकीनेही हेच विचारलं होतं. पाहुण्यांचं आटोपल्यावर, साडेदहाच्या पुढे. मुदपाकखान्याच्या मागे चुलीपाशी बसून जेवतात. तिने आपल्या वाटणीचे दोन बेसनलाडू कालबेलियावाल्या ताईंना नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला आणि दुसरा पदराला बांधला, घरी तिच्याएवढी मुलगी आहे म्हणून.